पाय टेकतात का? इलेक्ट्रिक मोटरसायकल विकणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
इलेक्ट्रिक मोटरसायकल बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये जाहिरात आणि किंमत ठरवणारी सर्व मंडळी,

स. न. वि. वि.

मी सांगलीत बायकांना आणि मुलींना दुचाकी चालवायला शिकवते. या कामाला चौदा वर्षं झाली. विश्रामबागेच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात सकाळी साडेसहाला वर्ग भरतो. दोन जुन्या स्कूटर, एक मोटरसायकल, आठ-दहा विटा आणि चुन्याची एक रेघ एवढंच माझं भांडवल. अलीकडे कुपवाड एमआयडीसीत नव्याने लागलेली पोरंही येतात. घरात कधी गाडी नव्हती, सायकलवरून थेट मोटरसायकलवर बसायचंय, आणि मित्रांसमोर पडायची लाज वाटते म्हणून माझ्याकडे. तुमच्या मीटिंगमध्ये ज्याला ‘नवा ग्राहक’ म्हणतात, तो रोज सकाळी माझ्यासमोर हँडल घट्ट धरून घाम पुसत उभा असतो. म्हणून म्हटलं, त्याच्या वतीने चार शब्द लिहावेत.

गाडीवर पहिल्यांदा बसणारं माणूस काय विचारतं? शून्यावरून साठचा वेग किती सेकंदांत गाठते, हे चौदा वर्षांत मला एकानेही विचारलेलं नाही. पहिला प्रश्न असतो, ‘मॅडम, पाय टेकतील का?’ दुसरा प्रश्न दोन-तीन दिवसांनी येतो, घरी निघताना, जरा हळू आवाजात. ‘सगळी मिळून कितीला पडते हो?’ तुमच्या जाहिराती मी मुद्दाम बसून पाहिल्या. घाट आहे, धुकं आहे, रात्रीचे निळे दिवे आहेत, चामडी जाकीट घातलेला एक दाढीवाला आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र कुठेच नाहीत.

पायांचंच आधी बोलू. अ‍ॅक्टिव्हाची सीट जमिनीपासून ७६४ मिलिमीटरवर आहे, स्प्लेंडरची ७८५ वर. रिव्होल्ट कंपनीची आरव्ही ४०० ही इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली तर ८१४. अ‍ॅक्टिव्हाहून पाच सेंटिमीटर जास्त, म्हणजे जेमतेम तीन बोटं. ऑफिसात बसून ती तीन बोटं दिसत नाहीत. मैदानावर पाच फूट उंचीच्या बाईचे दोन्ही तळवे टेकणं आणि फक्त चवडे टेकणं यात तीन बोटांचाच फरक असतो. तळवे टेकले की खांदे खाली येतात, मान सैल होते, ती पुढे बघायला लागते. चवड्यांवर उभी असलेली बाई फक्त चाकाकडे बघते, आणि चाकाकडे बघणारा माणूस पडतोच. सीटची उंची तुमच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर असते, टायरच्या मापाच्या खाली. ती पहिल्या पानावर घ्या आणि खाली लिहा, ‘पाच फुटांच्या माणसाचे पाय टेकतात’. टेकत नसतील तर कमी उंचीची सीट ठेवा, आणि तिचे वेगळे पैसे लावू नका.

वजनाचंही तेच. अल्ट्राव्हायोलेट कंपनीची एफ७७ ही इलेक्ट्रिक मोटरसायकल नोव्हेंबर २०२२ मध्ये ३ लाख ८० हजारांपासून पुढे अशा किमतीला आली. वजन दोनशे किलोच्या आसपास. ती हौशी स्वारांची गाडी आहे, त्यांना तसंच हवं असतं, माझं काही म्हणणं नाही. (एकदा लांबून पाहिली. देखणी आहे, खोटं कशाला बोलू.) तक्रार आहे ती लाख-सव्वा लाखाची गाडी काढून तिचीही जाहिरात त्याच थाटात करणाऱ्यांबद्दल. पावणेचार लाखांच्या गाडीचं गिऱ्हाईक आधीच चार गाड्या चालवून आलेलं असतं. लाखाच्या गाडीचं गिऱ्हाईक कदाचित कालच पहिल्यांदा बसलेलं असतं.

आमच्या पिढीला लुना आठवते. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने ती आणली. लुनाला पॅडल होतं. पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घर गाठता येतं, असं पुरुष कौतुकाने सांगायचे. माझी मावशी वेगळंच सांगायची. ‘पॅडल बघितलं आणि म्हटलं, सायकल येते म्हणजे ही येणारच.’ तिला कुणी जाहिरात दाखवली नव्हती. गाडीकडे बघूनच तिला कळलं की हे आपल्याला जमेल. तुमच्या गाडीत असं काय आहे, जे बघून माझ्या मावशीसारखीला वाटावं की ही येणारच?

आहे ना. तुमच्या बहुतेक गाड्यांना क्लच नाही आणि गिअर नाहीत. शिकवणारी म्हणून सांगते, मोटरसायकल शिकताना लोक ज्या जागी सोडून देतात ती जागा म्हणजे क्लच. गाडी दहा वेळा बंद पडते, मागचा हॉर्न वाजवतो, पोरगं रडकुंडीला येतं. तो अख्खा आठवडा तुम्ही गाडीतून काढून टाकलाय आणि त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही! आरटीओच्या परवान्यात गिअर नसलेली मोटरसायकल हा वेगळा वर्ग आहे. माझ्या बहुतेक विद्यार्थिनींकडे तोच परवाना असतो, स्कूटरवर काढलेला. ‘स्कूटर येत असेल तर ही मोटरसायकल येते’ असा एक फलक कुठल्या शोरूमबाहेर मी अजून पाहिलेला नाही. उलट आवाज नाही म्हणून ग्राहक बिचकेल या भीतीने २०१९ मध्ये आरव्ही ४०० ला अ‍ॅपमधून निवडायचे खोटे एक्झॉस्टचे आवाज दिले होते. तो आवाज कुणासाठी होता? ज्याला आधीच्या गाडीचा आवाज आठवतो त्याच्यासाठी. नव्या माणसाला आठवायला काही नसतंच.

पण आवाज नसण्याची दुसरी बाजूही तुम्हीच सांगायला हवी. पेट्रोलची गाडी चालू आहे हे कानाला आणि बुडाला कळतं. इलेक्ट्रिक गाडी चालू असून मढ्यासारखी गप्प असते. माझ्या मैदानावर एकीने गाडी बंद आहे असं समजून ढकलायला म्हणून उजव्या मुठीवर जोर दिला, आणि गाडी तिला घेऊन थेट कंपाउंडच्या तारेपर्यंत गेली. गुडघा सोलला, बाकी काही नाही. पण ती महिनाभर आली नाही. पेट्रोलची मोटरसायकल नवख्याच्या हातात बंद पडते, तुमची सुसाट सुटते. मोटरची सगळी ताकद पहिल्या इंचालाच मिळते, हे तुम्ही जाहिरातीत गुण म्हणून सांगता. शिकणाऱ्यासाठी तो गुण नाही. तुमच्या गाड्यांत इको, नॉर्मल, स्पोर्ट असे मोड असतात. त्यात आणखी एक टाका, त्याला सरळ ‘शिकाऊ’ म्हणा. वेग वीसच्या वर जाणार नाही, मूठ कितीही पिळली तरी गाडी हळूच उचलेल, आणि चालू असताना टिकटिक वाजत राहील. सगळं सॉफ्टवेअरचंच काम आहे, लोखंड लागत नाही. पहिले दोन महिने घरच्यांनी गाडी त्याच मोडमध्ये कुलूपबंद करून ठेवायची. तुम्ही म्हणाल यात मार्केटिंग काय? लग्नाच्या वयाच्या मुलीला गाडी घेऊन द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या बापाला भेटा, मग कळेल.

आता किमतीकडे येते. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी शोरूममध्ये गेले. कंपनीचं नाव घेत नाही. ही बाई नर्स आहे, मिरजेच्या पुढे एका उपकेंद्रात. रोजचं येणं-जाणं तीस किलोमीटर. काचेवर मोठ्या आकड्यात किंमत होती, तिच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. चांदणीचा अर्थ विचारला. मुलगा चांगला होता, त्याने कागदावर लिहून दाखवलं. काचेवरची किंमत सबसिडी धरून. मग विमा. मग पासिंग. मग हँडलिंग. मग ‘स्मार्ट पॅक’, म्हणजे अ‍ॅपमधल्या सोयी. मग वाढीव वॉरंटी. खाली बेरीज झाली तेव्हा काचेवरच्या आकड्यावर जवळजवळ चोवीस हजार चढले होते. बाई काही बोलली नाही. पर्सची चेन लावली फक्त.

ती चेन लावल्याचा आवाज तुम्हाला ऐकू यावा म्हणून हे पत्र आहे म्हणा ना.

पेट्रोलच्या गाडीवरही विमा-पासिंग चढतं, मान्य. पण तिथे लोकांना अंदाज असतो. शेजाऱ्याने घेतलेली असते, भावाने घेतलेली असते. तुमच्या गाडीबाबत विचारायला शेजारी नसतो. त्यात सबसिडीने दरवर्षी नवा घोळ घातला. जून २०२१ मध्ये केंद्राने ती बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासाला (म्हणजे एका युनिटच्या साठ्याला) १५ हजार रुपये केली, जून २०२३ मध्ये ती १० हजारांवर आणली आणि मर्यादाही किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली. त्या मे महिन्यात देशात लाखाच्या वर इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या, जूनमध्ये ४६ हजारांच्या आसपास. मार्च २०२४ ला ती योजनाच संपली, मग किलोवॉट-तासाला पाच हजार, मग अडीच हजार. त्याच २०२३ मध्ये काही स्कूटर कंपन्यांना चार्जरचे वेगळे घेतलेले पैसे ग्राहकांना परत द्यावे लागले होते. हे सगळं टीव्हीवर बघितलेलं माणूस शोरूममध्ये येतं तेव्हा त्याच्या मनात एकच असतं, यात कुठेतरी गोम आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तुमचा ५ टक्केच आहे, पण मधलं अंतर कमी झालं. सबसिडीच्या चांदणीवर किती दिवस काढणार?

नव्या माणसाला एक आकडा लागतो, आणि तो महिन्याचा लागतो. हे मी नवीन सांगत नाही, तुमच्यातल्याच एकाने करून दाखवलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये रिव्होल्टने आरव्ही ४०० आणली तेव्हा डाउन पेमेंट नव्हतं. महिन्याला ३,४९९ रुपये, ३७ महिने, त्यातच विमा, पासिंग, देखभाल सगळं. गुणाकार करा, १ लाख २९ हजारांच्या आसपास जातो. महाग की स्वस्त ते सोडा. आमच्याकडच्या पोराला तो हिशोब घरी जाऊन आईला एका वाक्यात सांगता येत होता. पुढे ती योजना मागे पडली. तुमची आतली कारणं असतील, पण नव्या स्वाराशी त्याच्या भाषेत बोललेली ती किंमत होती.

नर्सबाईंचा हिशोब मी शेवटी मैदानावर विटेवर बसून काढला. तुम्ही काढायला हवा होता, असो. पेट्रोल १०४ रुपये धरलं, गाडी लिटरला साठ देते. किलोमीटरला पावणेदोन रुपये. महिन्याला साडेसातशे किलोमीटर, म्हणजे १,३०० रुपये. इलेक्ट्रिकला शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट, युनिट दहा रुपयांनी. महिन्याला २६० रुपये. वाचले हजार-एक. सव्वा लाखाची गाडी, वीस हजार भरले, बाकीचं तीन वर्षांचं कर्ज अकरा टक्क्यांनी, तर हप्ता साडेतीन हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे हप्त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा न भरलेल्या पेट्रोलातून निघतो. बाईंचा चेहरा उजळला. ‘हे तिथं का नाही सांगितलं?’

आणि खरं बोलायचं तर, माझ्याच वर्गातली दुसरी एक बाई मुलाला शाळेत सोडून भाजी घेऊन येते. वर्षाला दोन हजार किलोमीटर. तिचे वर्षाचे पावणेतीन हजार वाचतील. तिला पैसे वाचवायला इलेक्ट्रिक घे म्हणून सांगणं ही फसवणूक आहे. तिला गिअर नाही, कंप नाही, पंपावर रांग नाही, हे सांगा. प्रत्येकाला ‘वर्षाला इतके हजार वाचवा’ म्हणून एकच आकडा फेकता, म्हणून तो कुणालाच खरा वाटत नाही. शोरूमच्या दारात एक साधा तक्ता लावा. रोजचे दहा, वीस, तीस, पन्नास किलोमीटर, पुढे महिन्याची वीज, पेट्रोल, हप्ता. हीरो होंडाची सीडी १०० ऐंशीच्या दशकात कशी घरोघर गेली आठवा. लिटरमध्ये किती जाते, ते लोकांच्या तोंडी बसलं होतं. वेगाबद्दल कुणी विचारत नव्हतं.

पुढचा प्रश्न नर्सबाईंनीच विचारला होता शोरूममध्ये. ‘बॅटरी गेली तर नवी कितीला?’ मुलगा म्हणाला, ‘वॉरंटी आहे ना मॅडम, टेन्शन नका घेऊ.’ बाईंनी पुन्हा विचारलं, वॉरंटी संपल्यावर? तो म्हणाला तेव्हा स्वस्त होतील. होतीलही. पण ज्या घरात पहिलीच गाडी येते त्या घरात ती आठ-दहा वर्षं राहते, नंतर धाकट्याकडे जाते. आज बॅटरी बदलायची झाली तर अमुक रुपये, आणि जुनी परत दिली तर अमुक वजा, हे छापून द्या. आकडा मोठा असला तरी द्या. मोठा आकडा माणूस पचवतं, न सांगितलेला नाही.

आणि सांगलीकरांचा एक प्रश्न तुमच्या पुण्या-बंगळूरच्या मीटिंगमध्ये कुणी विचारणार नाही, म्हणून मी विचारते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आमच्या ओळखीतल्या कित्येक गाड्या चार-चार दिवस पाण्याखाली होत्या. नंतर मेकॅनिकने ऑइल बदललं, कार्बोरेटर धुतला, तीन-चार हजारांत निम्म्या चालू झाल्या. इलेक्ट्रिकचं काय? विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं, ‘आयपी सिक्स्टी-सेव्हन आहे.’ त्याचा अर्थ मी शोधून काढला. एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमचं पाणी अर्ध्या तासात उतरत नाही हो. पुरात बुडालेली बॅटरी वॉरंटीत बसते का, विम्यात बसते का, आणि ती घरात आणून ठेवायची की लांब ठेवायची, एवढं मराठीत एका पानावर लिहून द्या. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ इथल्या प्रत्येक फोनमध्ये येऊन गेलाय. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, हे मला ठाऊक आहे. माझ्या विद्यार्थिनींच्या सासवांना ठाऊक नाही. निर्णय त्यांच्याकडे असतो.

कर्जाचंही बघा. पहिली गाडी घेणाऱ्याचा सिबिल स्कोअर नसतो, कारण त्याने आधी कर्जच घेतलेलं नसतं. मग तुमची फायनान्सवाली कंपनी व्याज चढवते किंवा नवऱ्याची सही मागते. इथे गल्लोगल्ली बचत गट आहेत, पतसंस्था आहेत. दहा वर्षं एक हप्ता न चुकवलेल्या बायका आहेत. त्यांच्या दारात तुमच्यातलं कुणी गेलंय का?

अमेरिकेतलं एक उदाहरण वाचनात आलं. हार्ले-डेव्हिडसनचे जुने गिऱ्हाईक म्हातारे होत चाललेले, म्हणून तरुण माणूस यावा यासाठी त्यांनी २०१९ मध्ये लाइव्हवायर ही इलेक्ट्रिक मोटरसायकल काढली. किंमत २९,७९९ डॉलर! तरुण कुठून आणणार? दोन वर्षांनी लाइव्हवायर वेगळा ब्रँड केला आणि गाडी २१,९९९ ला आणावी लागली. गंमत म्हणजे त्याच २०१९ मध्ये त्यांनी स्टासिक नावाची कंपनी विकत घेतली होती, जी लहान पोरांसाठी पॅडल नसलेल्या छोट्या इलेक्ट्रिक सायकली बनवते, तेव्हा सातशे डॉलरच्या आतल्या. त्यावर बसलेलं पोर पुढे मोटरसायकलवर बसायची शक्यता लाइव्हवायरची जाहिरात बघणाऱ्यापेक्षा जास्त, असं मला वाटतं. अर्थात मी शिकवणारी आहे, मला तसंच वाटणार.

आपल्याकडे २०२४-२५ मध्ये १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या, त्यातल्या १ कोटी २२ लाख मोटरसायकली. इलेक्ट्रिक दुचाकी साडेअकरा लाखांच्या आसपास, आणि त्यात जवळजवळ सगळ्या स्कूटरच. मोटरसायकलच्या रांगेत तुम्ही अजून दिसतच नाही. जुना स्वार त्याची स्प्लेंडर सोडत नाही, हे तुम्हीही बघताय. ज्याने अजून काहीच धरलेलं नाही, तो माझ्या मैदानावर आहे.

एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांच्या सहीने किंमत ठरते, त्यांनी एक दिवस सकाळी इथे यावं. एक गाडी आणा, लेग-गार्ड लावलेली, ओरखडे पडले तरी चालतील अशी. सोबत ऑन-रोड किमतीचा कागद आणा, चांदणी नसलेला. साडेसहाला सुरू करतो, आठला ऊन लागतं. चहा माझ्याकडून.

आपली,
सांगलीतील एक दुचाकी शिकवणारी

ता. क. नर्सबाईंनी शेवटी गाडी घेतली. विटेवरचा हिशोब घेऊन त्या घरी गेल्या होत्या, पण बॅटरीच्या किमतीवर अडलं, सासऱ्यांनी तेच विचारलं आणि उत्तर नव्हतं. मिरजेतल्या एकाची सात वर्षं जुनी पेट्रोलची स्कूटर घेतली, बत्तीस हजारांना, रोख. पाय टेकतात.